चारशे सतरावा भाग

इचलकरंजीत माणसाने हाताने चालवलेली शेवटची गाडी २०५९ साली एका रसवंतीगृहात शिरली, आणि त्यानंतर कायदा आला : वाहन फक्त वाहनाच्याच घटकाने चालवावे. घटक म्हणजे अर्थात आत बसवलेला स्वयंचालक. माणसाने मागे बसून खिडकीबाहेर बघावे.

पळवाट एकच होती. जुनी गाडी मूळ स्थितीत असेल, तर तिला वारसा-परवाना मिळे आणि मग ती माणूस चालवू शके. एकाहत्तर वर्षांच्या प्रीतम हेर्लेकरने या पळवाटेत बारा वर्षे घालवली होती. आजोबांची १९७४ सालची ‘चंद्रिका’ त्याने घरामागच्या शेडमध्ये एकेक भाग करत उभी केली होती. ती एकदा स्वतः चालवत पंचगंगेच्या पुलापर्यंत न्यायची, एवढेच त्याला हवे होते. आज तपासणी होती.

“मूळ स्थिती?” निरीक्षक कुबेर चौगुले बॉनेटमध्ये डोकावले. “डॉक्टर, यात मूळ फक्त हवा दिसतेय. दारं तर फ्रिजच्या पत्र्याची आहेत.”

“पत्रा कुठला, हे विज्ञान विचारत नाही,” डॉ. मेहजबीन मुजावर म्हणाल्या. धातुस्मृतीच्या त्या तज्ज्ञ. ठसामापक हे यंत्र त्यांचेच. “प्रत्येक गाडी आपल्या लयीत थरथरते. ती थरथर धातूच्या कणरचनेत उतरते. त्याला आम्ही सहकंप-ठसा म्हणतो. जुने भाग संख्येने जास्त असले, की नवा भाग चाळीस तासांत त्यांचाच ठसा उचलतो.”

“नव्या सुनेसारखा.”

“सून विरोध करते, चौगुले. धातू करत नाही.”

“म्हणून एका वेळी एकच दुरुस्ती,” प्रीतम अभिमानाने म्हणाला. “एक भाग बदलायचा, चाळीस तास इंजिन चालवायचं, मग पुढचा. वायपरच्या स्क्रूलासुद्धा चाळीस तास दिलेत.”

“त्याने दिले म्हणे!” चहा घेऊन आलेली त्याची बायको तृप्ती म्हणाली. “हा बॉनेटमध्ये कान लावून उभा. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय कुणाचा? रोज चार तास, बारा वर्षं. मटार सोललेत मी त्या सीटवर.”

डॉक्टरांनी ठसामापक गाडीवरून फिरवला. पडद्यावर आकडा चढत गेला आणि चारशे सोळावर थांबला. माहितीपुस्तकातही भाग तितकेच होते. एकूण एक मूळ. प्रीतमचे डोळे भरून आले.

डॉक्टर चहा घ्यायला वळल्या. यंत्र पुन्हा वाजले.

“चारशे सतरा,” त्या पुटपुटल्या. यंत्राचे टोक तृप्तीच्या कमरेकडे होते.

“खुब्याचा सांधा बदललाय माझा. चौदा वर्षं झाली.”

“धातूचा?”

“मग काय शाडूचा?”

डॉक्टरांनी तीनदा मोजले. “ठसा स्वच्छ आहे. तृप्तीताई या गाडीचा भाग आहेत.”

चौगुलेंनी पेन काढले. “मूळ आराखड्यापेक्षा एक भाग जास्त. म्हणजे फेरफार. वारसा-परवाना नामंजूर.”

“अहो, तिला आत पाठवतो, मग मोजा!”

“भाग घरात दडवून तपासणी? गुन्हा आहे तो.”

प्रीतमची नजर बायकोच्या कमरेवर जरा जास्तच वेळ रेंगाळली.

“तिकडे बघूसुद्धा नकोस,” तृप्ती म्हणाली.

तो स्टुलावर बसला. या गाडीच्या प्रत्येक बोल्टचा आवाज त्याला ओळखू येई. बारा वर्षे तो “दे” म्हणाला की इंजिन चढत होते, “बास” म्हणाला की उतरत होते. त्या दोन शब्दांच्या पलीकडच्या टोकाला कोणी बसलेले आहे, हे त्याने हिशेबात धरलेच नव्हते.

“परवाना नसल्याने सर्वसाधारण नियम लागू,” चौगुले लिहिता लिहिता वाचत होते. “वाहन फक्त वाहनाच्याच घटकाने...” ते थांबले. पुन्हा वाचले. मग चष्मा पुसून वाचले. “...चालवावे.”

“म्हणजे मी?” तृप्तीने विचारले.

“नियमाने, बाई, तुम्हीच. सगळ्या देशात तुम्ही एकट्याच.”

“तिला येत नाही गाडी!” प्रीतम ओरडला.

“चौतीस साली म्हटलं होतं, शिकव. म्हणालास, क्लच जाळशील.” तृप्ती नेहमीच्या सीटवर बसली आणि तिने किल्ली फिरवली. इंजिन लगेच लागले. ते तिला ओळखत होते.

प्रीतमने बाकावरचा दहा नंबरचा नट उचलला. “डॉक्टर, हा तोंडात धरून चाळीस तास बसलो तर?”

“ठशाला सांधा काय आणि नट काय.”

चौगुलेंनी बराच विचार केला. “चालेल. पण तास मोजायचे ते नट तोंडात असतानाचेच. बोलायला बाहेर काढलात, की पहिल्यापासून सुरुवात.”

प्रीतमने नट जिभेखाली ठेवला आणि डाव्या दाराने आत शिरला. तृप्तीने जोर लावून गिअर टाकला. एक किंकाळी उठली. बारा वर्षांत न ऐकलेली. गाडी हिसके देत फाटकाबाहेर पडली.

तिने थेट तिसरा गिअर टाकला होता. प्रीतमला ते स्पष्ट कळत होते. त्याने दोन्ही हातांनी आपले तोंड घट्ट धरले.