पहिल्या वाफेचा नारळ

१९४९ सालचा दसरा. होळकरांचं संस्थान विलीन झालं, त्या धामधुमीत लीलाधररावांची इंदूरच्या पोलिसांतली नोकरी गेली आणि ते बऱ्हाणपुरात येऊन राहिले. बुधवाऱ्यातल्या दोन खोल्यांत बसून लोकांच्या अडल्यानडल्या भानगडींचा छडा लावणं हाच त्यांचा उद्योग. भाचा रमेश शाळेत मास्तर होता. मामांच्या मागे फिरायची त्याला हौस भारी, पण डोकं जरा सावकाश चाले.

दसऱ्यानंतर दोनच दिवसांनी रंभाबाई दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, माझ्या मालकाले ठाण्यात नेलं. कडू मिस्त्रीच्या मरणाचं पाप त्याच्या माथी मारून राहिले. दोन लेकरं हायेत मले."

तिचा नवरा चुडामण शनवारा वेशीबाहेरच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसमध्ये फिटर होता. दसऱ्यानंतर पहिल्यांदा बॉयलर पेटला की वाफेच्या नळासमोर नारळ फोडायचा, हा तिथला रिवाज. नारळ दरसाल कडू मिस्त्रीच फोडी. यंदा तो नारळ घेऊन उभा राहिला आणि नळाचं तोंड बंद करणारा लोखंडी प्लग गोळीसारखा उडाला. मागून आलेल्या वाफेनं कडू जागीच भाजून मेला. प्लग चुडामणनं बसवलेला होता.

"कधी बसवला?"

"खंडेनवमीच्या आधी. नवमीले पूजा मीच केली. बॉयलर, नळ, पाटावर मांडलेले पाने-हातोडे, समद्याले कुंकू लावलं. लोखंडावर कोरडं टिकत नाही, म्हनून तेलात कालवलं होतं."

ठाण्यात ठाणेदारांनी प्लग टेबलावर ठेवला. "कपाशीच्या ढिगात पडला होता. बघा, डोक्यावर पूजेचं कुंकू आहे. म्हणजे पूजेच्या वेळी नळाला हाच होता. आता आणखी काय पाहिजे?"

लीलाधररावांनी प्लगवर बोट फिरवलं, बोटाला लागलेली लाल भुकटी फुंकून टाकली.

कोठडीतून चुडामण एवढंच म्हणाला, "साहेब, हा माझा नाही. मी सणाचा दोरा गुंडाळून, सफेद्याचा लेप लावून, पान्यानं आवळला होता. याच्या आट्यात सणाचा धागा तरी दिसतो का?"

परत येताना दोघे गोटूच्या नळसामानाच्या दुकानात शिरले.

"सीधी बात आहे," गोटू म्हणाला. "पाइपाला बाहेरून आटे असले तर टोपी, आतून असले तर प्लग. वाफेला निमुळताच घ्यायचा. जसा आत जाईल तसा आवळत जातो, मग पान्याशिवाय हलत नाही. हा दुसरा सरळ आट्याचा. दिसायला सख्खा भाऊ, पण हातानं फिरतो. पाण्याच्या टाकीला चालेल. वाफ तर याला थुंकून देईल."

ठाण्यातला प्लग सरळ आट्याचाच होता.

"म्हणजे चुडामणची चूकच झाली की, मामा," रमेश म्हणाला.

"चूक एवढ्या बेतशीर होत नाही रे."

प्रेसमध्ये बॉयलरवाला लोटू भेटला. मागच्या महिन्यात कडूनं त्याला चारचौघांत थोबाडीत मारली होती.

"मारली, हाव. झोपलो होतो तं मारली," लोटू म्हणाला. "त्याच्यासाठी मी मानूस मारीन? मिस्त्री म्हने, बॉयलरले तडा गेला, दिवाळीपयले नागपूरच्या इन्स्पेक्टरले सांगतो. मॅनेजर वसंतशेठ त्याच्यावर लय बिघडले. ऐन हंगामात प्रेस बंद पडली असती ना."

"दसऱ्याच्या दिवशी कुणी पाना उचलला होता?"

"पूजेतला पाना? हात झडतील, साहेब. संध्याकाळी आमी सारे सोनं लुटाले गेलो. दुसऱ्या दिशी सकाळी आलो तं पाटावरची फुलंबी हलली नव्हती."

मॅनेजर वसंतशेठ अंगणात आपली नवी मोटार पुसून घेत होते.

"पूजेला होतात का?" लीलाधररावांनी विचारलं.

"मी बाहेर गाडीपाशी. ते बायकांचं काम."

"गाडीचीही पूजा झाली असेल."

"हार घातला, बस. कुंकवाला हात लावू दिला नाही कुणाला. रंग खराब होतो."

दुसऱ्या दिवशी लीलाधररावांनी सगळ्यांना त्या नळापाशी बोलावलं. ठाणेदार चुडामणला घेऊन आले. कडूची बायको आशाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"रंभाबाईनं कुंकू तेलात कालवलं होतं," लीलाधरराव म्हणाले. "या नळावर पाहा, अजून डाग तेलकट आहे. पण प्लगवरचं कुंकू कोरडं. कपाशीत पडल्यामुळे त्याला वाफही लागली नाही. म्हणजे पूजेच्या वेळी हा प्लग इथे नव्हता. नंतर कुणीतरी चुडामणचा प्लग काढून हा लावला आणि पूजेच्या करंड्यातलं कोरडं कुंकू वर चोळलं."

"पण मामा, तो तर आवळलेला होता," रमेश म्हणाला.

"म्हणून पाना हवा. पाटावरचे पाने हलले नाहीत, आणि इथला कुठलाही कामगार ते उचलणार नाही. पूजेत नसलेला पाना फक्त एका जागी होता. ठाणेदार, मोटारीची डिकी उघडा."

अवजारांच्या पेटीत मोठा पाना निघाला. त्याच्या जबड्यात लाल, तेलकट थर होता. त्यात सफेदाही.

वसंतशेठ घाईनं म्हणाले, "गाडीच्या पूजेत लागलं असेल."

"काल तुम्हीच म्हणालात, कुंकवाला हात लावू दिला नाही. सगळे सोनं लुटायला गेले, तेव्हा तुम्ही आत आलात. अंधार पडत होता, लाल रंग दिसला, तेल दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी या नळासमोर कोण उभं राहणार, ते साऱ्या बऱ्हाणपुराला ठाऊक होतं."

आशाबाई उठली, वसंतशेठपुढे येऊन उभी राहिली. "नारळ मीच घरून दिला होता," एवढं बोलून ती बाहेर गेली.

वसंतशेठना जन्मठेप झाली. ते जबलपूरच्या तुरुंगात वारले. बॉयलर खरंच तडकलेला निघाला, प्रेस बंद पडली, लोटू पोटामागे खांडव्याला गेला. चुडामण सुटला, पण त्यानं पुन्हा पाना धरला नाही. तुकईथडला मेव्हण्याच्या केळीत पाणी भरत राहिला. लीलाधरराव पुढं दोन वर्षांनी गेले. रमेश हेडमास्तर झाला.

कडूचा पाना आशाबाईनं देवघरात ठेवला होता. विधवेनं कुंकवाला हात लावायचा नाही, असे ते दिवस. म्हणून दर नवमीला रंभाबाई तुकईथडहून बऱ्हाणपूरला यायची, वाटीत तेल घेऊन कुंकू कालवायची आणि त्या पान्याला लावायची. आशाबाई दारात बसून बघायची.