विरजणापुरती गाठ

मिरजेच्या प्रयोगशाळेत डॉ. सुमती खाडिलकर सकाळपासून एका जागी बसत नव्हत्या. चाळणयंत्राखालची कुपी आजही अर्धीच भरली होती.

"पडदा बदललास?"

"दोनदा, मॅडम," त्यांचा जुना विद्यार्थी डॉ. तौफिक मुजावर म्हणाला. "यंत्र ठणठणीत आहे."

"मग पहिल्यापासून म्हण." घोडं अडलं की विद्यार्थ्याला धडा म्हणायला लावायचा, ही त्यांची जुनी खोड.

"पेशी अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात, पुटिका. त्यांच्यातून निरोप जातात."

"आमचे सर त्यांना पेशींचा केर म्हणायचे," सुमतीताई पुटपुटल्या. "सोडून द्या म्हणायचे. हं, पुढे?"

"आपल्या रुग्ण शेवंताक्कांच्या गाठीच्या काही पुटिका यकृतात जाऊन कर्करोगासाठी जागा तयार करतात. काही पुटिका शरीराच्या रक्षक पेशींना झोपवतात. आपण दोन्ही रक्तातून गाळतो. पहिल्या नष्ट करतो, दुसऱ्या त्यांच्या मुलीला, रेश्माला देतो. तिच्या रक्षक पेशी तिचीच मूत्रपिंडं पोखरतायत. त्यांना आईच्याच पुटिका झोपवतात, परक्यांच्या नाही."

"गाठ काचेच्या बशीत वाढवली तर?"

"वाढवली होती. शरीराबाहेर ती या पुटिका सोडतच नाही."

"आणि गाळून घेतल्यावर अक्कांच्या रक्षक पेशी..." सुमतीताई थांबल्या. "अरे, त्या जाग्या झाल्या! गाठच खातायत, म्हणून कुपी भरत नाही. स्कॅन कर."

गाठ लिंबाएवढी होती, ती वाटाण्याएवढी उरली होती.

आनंदाची बातमी, पण सांगायला सुमतीताई रेंगाळतच खाटेपाशी गेल्या. शेवंताक्का चाळणयंत्राला जोडलेल्या होत्या. शेजारच्या खाटेवर रेश्मा डोळे मिटून, हाताला सलाईन.

"अक्का, गाठ चालली. महिन्याभरात राहणार नाही."

"आणि पोरीचं औषध?"

सुमतीताईंनी अर्ध्या कुपीकडे बोट दाखवलं. "गाठीबरोबर तेही जाईल."

"मग यंत्र बंद करा, बाई. सगळं दही कुणी संपवतं का? विरजणापुरती ठेवा. जरा वाढली की पुन्हा गाळा."

"तेवढ्यात यकृतात गेली तर?"

"गेली तर गेली. अंग माझं आहे न्हवं?"

अंग त्यांचंच होतं. वीस वर्षं शोधलेलं औषध त्या वाटाण्यात होतं. सुमतीताईंचं बोट यंत्र बंद करायच्या बटणापाशी गेलं. नकळत गेलं असं त्यांना पुढे कधीच म्हणता आलं नाही.

"आई, मी जागी आहे." रेश्मा उठून बसली आणि तिनं हातातली सुई उपसली. "तू गाठ पोसणार आणि मी ती पिणार? मला नको असलं औषध."

"येडी का खुळी तू! मूत्रपिंडं जातील!"

"जाऊ देत. डायलिसिसवर जगेन. माझ्याजवळ बसायला कुणी तरी लागेल."

तिच्या मनगटावरून रक्ताचा ओघळ निघाला. शेवंताक्का धडपडत उठू लागल्या.

"अक्का, नळी निघेल!" तौफिक ओरडला.

"बस तिथंच!" रेश्मा आईवर डाफरली. "गाळून होईपर्यंत उठायचं नाही."

शेवंताक्का शिव्या देत, रडत खाली बसल्या. सुमतीताईंनी बोट मागे घेतलं आणि कापसाचा बोळा घेऊन त्या रेश्माकडे गेल्या.