परतीचे रीळ

दोन हजार एकवीसच्या मे महिन्यातली ती दुपार. गुंगालिनहून सुटलेल्या ट्रामच्या डब्यात मी एकटीच होते. कॅनबेराचे धुके एक वाजला तरी उठले नव्हते. काम नेहमीचेच होते. चित्रपट-संग्रहालयाच्या थंड तळघरात बसून एक मूक चित्रफीत तपासायची आणि तिची स्थिती कागदावर नोंदवायची. साथीमुळे त्या दालनात एका वेळी एकालाच प्रवेश असे.

चित्रपट विनोदी होता, एका गाजलेल्या कादंबरीवरून केलेला. शंभर वर्षांपूर्वीचा एक तरुण कसल्याशा अपघाताने प्राचीन राजाच्या दरबारात जाऊन पडतो आणि त्याच्या फजितीला दरबार हसत राहतो. शेवटचे, तो आपल्या काळात परततो ते रीळ कुठेच सापडलेले नव्हते. माझ्यासमोर होते त्याच्या आधीचे. मी त्याची एकेक चौकट प्रकाशित काचेवरून सरकवत शेवटापर्यंत आले आणि लिहिले : ‘नायक सर्व चौकटींत मध्यभागी. गवती हॅट छातीशी. दृष्टी बंद दाराकडे.’

तेवढ्यात फोन वाजला.

बाबा अकोल्याच्या रुग्णालयात प्राणवायूवर होते. सीमा बंद होत्या. मला जाता येत नव्हते. धाकटी बहीण मंजिरी त्यांच्या कानाशी फोन धरत असे. जत्रेतल्या तंबूत सिनेमाचे यंत्र हाताने फिरवण्यात त्यांचा जन्म गेला होता.

“नीरजे, आज कोण आहे टेबलावर?”

“जुन्या काळात अडकलेला एक माणूस. परतीचं रीळच हरवलंय, बाबा.”

“अरेरे...” बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. “मग आहे ते उलटं फिरव. खेळ संपला की माणसांना घरी पोचवायचं. एवढं बसत नाही का तुमच्या सरकारी पगारात?”

हा त्यांचा जुना नियम. आमच्या संग्रहालयाचा नेमका उलट : जीर्ण फीत संपली तशीच ठेवायची, कारण उलटी फिरवताना ती तुटते.

“फिरवते,” मी खोटे बोलले.

“फिरव. मलाही... घरी जायचंय गं.”

फोन ठेवून मी शेवटच्या चौकटीवर पुन्हा भिंग धरले. हसणाऱ्या दरबाऱ्यांच्या मागे उघड्या डोक्याचा एक म्हातारा उभा होता. तो हसत नव्हता. उजवी मूठ कमरेशी धरून तो हवेत काहीतरी फिरवत होता. मघाशी तो तिथे नव्हता. जुन्या फितीच्या कापरासारख्या वासात आता फिनेलचा वास मिसळत होता...

पुन्हा फोन. मंजिरी.

“ताई... बाबा गेले. शेवटपर्यंत उजवा हात फिरवत होते. नर्सनं धरला, तरी थांबेना.”

मग मी टेबलावरच्या रीळ गुंडाळायच्या यंत्राची मूठ धरली आणि रीळ उलटे फिरवू लागले. फीत करकरत होती. तुटली असती, तर ती माझ्या हातून कायमची गेली असती. अर्ध्यावर मूठ एकाएकी हलकी झाली. पलीकडून आणखी कुणी हात लावावा, तशी. मी वर पाहिले नाही.

सुरुवातीच्या चौकटी काचेवर आल्या. म्हातारा नव्हता. दरबार पोट धरून हसत होता, मधल्या रिकाम्या जागेकडे पाहत. शेजारच्या कागदावर माझ्याच अक्षरातली ओळ होती : ‘नायक सर्व चौकटींत मध्यभागी.’

पंधरा दिवसांनी मंजिरीने बाबांची खोली उघडली. ते रुग्णालयात गेल्यापासून खोलीला कुलूप होते. संध्याकाळी तिने एक छायाचित्र पाठवले. खाली प्रश्न होता : “ताई, खुंटीवर बाबांच्या टोपीशेजारी ही कुणाची?”

भिंत निळी होती. बाबांची लोकरी टोपी तांबडी होती. शेजारच्या गवती हॅटला मात्र रंगच नव्हता.