सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये

पुढे सरका पोरांनो, मोठ्यानं सांगायची ही गोष्ट नाही. आणि ही घडलेली आहे, तुमच्याच शाळेत. ज्यांच्या बाबतीत घडली ते चित्रकलेचे सर गेल्याच आठवड्यात इथे चहा पिऊन गेले, त्यामुळे पदरचा मीठमसाला लावायची मला सोय नाही.

सहा वर्षांपूर्वीची वीस डिसेंबर. शुक्रवार. रात्री पावणेदहाला सर लाल चिकटपट्टीचं रीळ घेऊन शाळेत निघाले. दुसऱ्या दिवशी स्नेहसंमेलन होतं आणि नाटक त्यांनी बसवलं होतं. स्टेजवर कोणी कुठे उभं राहायचं याच्या खुणा ते खडूनं करायचे, आणि शिपाईमामा रोज संध्याकाळी इमानेइतबारे फळ्या पुसून काढायचे. म्हणून चिकटपट्टी. अर्ध्या तासाचं काम, मग घरी जाऊन झोपायचं.

त्या वर्षी सरांच्या मागे शुक्लकाष्ठच लागलं होतं. जुलैत हॉलमध्ये मोडके बाक आणून रचले. ऑगस्टमध्ये क्रीडादिनी नाटकाच्या नायकानं हात मोडून घेतला, तोही शर्यतीत नाही, बक्षीस घ्यायला पायऱ्या चढताना. ऑक्टोबर परीक्षेनं खाल्ला. नोव्हेंबरात नाचाच्या बाईंनी हॉल बळकावला, म्हणून सर व्हरांड्यात तालीम घ्यायला लागले, तर शेजारच्या वर्गातून ‘जरा हळू’ असा निरोप यायचा. माझ्या मुलीला तीनच वाक्यं का, म्हणून एका आईनं तासभर डोकं खाल्लं. वर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बोलावून सांगितलं, “सर, दोन वर्षं नाटक पडतंय. यंदा रंगलं नाही तर पुढच्या वर्षीपासून बंद.” चित्रकलेचे मार्क कोणी धरत नाही. त्या माणसाला शाळेत आपलं म्हणावं असं काय ते नाटकच होतं.

हेही सगळं त्यांनी सोसलं असतं. पण शेवटचा प्रवेश! गल्लीतली बाग उपटायला यंत्र येतं आणि बारा माणसं खांद्याला खांदा लावून त्याच्या आडवी उभी राहतात. पडदा. आहे काय त्यात? पण सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये दरवेळी एका माणसाएवढी जागा सुटायची. सर ओरडायचे, पोरं सरकायची, आणि पडद्याच्या वेळी जागा पुन्हा तिथेच.

“अरे, या फटीतून यंत्र काय, मोठ्या बाईंची गाडीसुद्धा आरामात जाईल!” सर म्हणायचे. पोरं खिदळायची. जागा काही भरायची नाही.

एकदा तर त्यांनी सातव्या जागेवरच्या चष्मेवालीला दंडाला धरून सरकवलं. ती कळवळून म्हणाली, “सर, तिला लागतं.”

“कोणाला?”

चष्मेवाली गोंधळली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच कळेना. सरांना वाटलं, आगाऊपणा करतेय. त्यांनी तिला दाराबाहेर उभं केलं.

तर त्या रात्री सरांनी हॉल उघडला, स्टेजवरचे दिवे लावले आणि गुडघ्यांवर बसून बारा लाल फुल्या चिकटवल्या. फुलीला लागून फुली, मध्ये वीतभरही अंतर नाही. मग हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन पाहिलं.

सहावी फुली. मग जागा. मग सातवी.

सर वैतागले, पण स्वतःवर. दिवसभर उभं राहून डोळे गेले, असं पुटपुटत ते परत वर चढले. सातवीपासूनच्या सगळ्या फुल्या नखानं खरवडून काढल्या, पट्टीनं मोजून पुन्हा लावल्या. या वेळी लांब गेलेच नाहीत. फक्त पिशवी उचलायला वळले, आणि पाहिलं.

जागा होतीच.

आता मला सांगा, माणसानं पळून जायला हवं की नाही? सर नाही पळाले. वर्षभराचा राग त्यांच्या डोक्यात गेला होता, त्यात भीतीला जागाच नव्हती. त्यांनी रीळ फळ्यांवर आपटलं आणि रिकाम्या हॉलमध्ये ओरडले, “कोण आहे ते? बाक झाले, परीक्षा झाली, नाच झाला! आता तू! माझं एक नाटक नीट होऊ द्यायचं नाही असं ठरवलंय का सगळ्यांनी?”

रीळ घरंगळत गेलं. सहावीच्या पुढे गेलं... आणि थांबलं. उतार होता तरी थांबलं. कशाला तरी अडल्यागत.

मग मात्र सरांच्या पाठीला घाम फुटला.

ते हळूच स्टेजच्या कडेला बसले. त्यांना चष्मेवाली आठवली. तिला लागतं, म्हणाली होती. मुद्दाम नव्हती म्हणाली. आणि आपण तिला बाहेर उभं केलं.

“तुला... नाटकात उभं राहायचंय का?” त्यांनी विचारलं.

“किती वर्षं उभी आहेस?”

वरचा एक दिवा नुसता गुणगुणत होता.

सर रडकुंडीला आले होते, त्यांनी स्वतःच मला सांगितलं. “हे बघ, उद्या हे पडलं तर नाटक कायमचं बंद. मग तुलाही नाही आणि मलाही नाही. उद्याचा एक दिवस बाजूला हो. पुढच्या वर्षी तुला घेतो. नुसतं उभं राहायला नाही. वाक्यं देतो. शब्द देतो.”

मग फळी वाजली. एक.

अनवाणी पाय.

दुसरी.

सरांनी मान वळवली नाही. पावलं त्यांच्या मागून गेली... विंगेत... आणि तिथे थांबली. निघून गेली नाहीत. थांबली.

सरांनी पाहिलं तेव्हा फुलीला लागून फुली होती. दिवे तसेच ठेवून ते घरी आले. रात्रभर डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी काय रंगलं म्हणता नाटक! बारा पोरं भिंतीसारखी उभी राहिली, मध्ये सुई जाईना. हॉल उठून टाळ्या वाजवत होता. चष्मेवाली तेवढी पडदा पडेपर्यंत विंगेकडे बघत होती. मोठ्या बाईंनी स्वतः येऊन पाठ थोपटली. सरांना वाटलं, जिंकलो.

आणि जानेवारीत त्याच मोठ्या बाई म्हणाल्या, “नाटक छानच झालं हो सर. पण तेरा कॉम्प्युटर भेट आलेत, ते ठेवू कुठे?” सर भांडले, हातापाया पडले, लेखी दिलं. कोण ऐकतो? सुट्टीत स्टेज उखडलं, तिथे फरशी बसवली, हॉलच्या बाजूनं भिंत घातली आणि कॉम्प्युटरची खोली केली. नाटक एवढं रंगूनही बंद ते बंदच. सर दर जूनमध्ये नव्या नाटकाचा अर्ज घेऊन जातात. बारांचं नाही, तेरांचं नाटक. मोठ्या बाई म्हणतात, बघू. माझ्यासमोर बसून गेल्या आठवड्यात सर कपाळावर हात मारून म्हणाले, “मी शब्द दिलाय हो. तिला मी काय सांगू?”

आता तुम्ही सांगा. तुमच्या कॉम्प्युटरच्या खोलीत एका ओळीत तेरा खुर्च्या आहेत. सहावीच्या आणि शेवटच्या सहांच्या मध्ये जी आहे, तिच्यावर कोण बसतं?

...

कोणीच नाही ना? एकेका खुर्चीवर दोघं दोघं दाटीवाटीनं बसता, पण ती मोकळी. कोणी सांगितलं तुम्हाला, तिथे बसू नका म्हणून?

...

सांगितलंच नाही कोणी.

शिपाईमामा रोज संध्याकाळी सगळ्या खुर्च्या टेबलाखाली सारून कुलूप लावतात. सकाळी उघडलं की बारा खुर्च्या जागच्या जागी असतात. ती एक बाहेर ओढलेली असते, कॉम्प्युटरकडे पाठ करून, तोंड भिंतीकडे. भिंतीच्या पलीकडे पूर्वी प्रेक्षक बसायचे.