फूलमायाच्या जीपमधलं फेसाळ ऑइल

आमच्या मानेभंज्याङ या डोंगरातल्या गावचे ड्रायव्हर माझ्या गॅरेजात गाडी घेऊन येतात तेव्हा दुखणं काय, ते कशाने झालं आणि मी काय करावं, हे सगळं स्वतःच सांगून मोकळे होतात. मग मला कशाला विचारतात, देव जाणे. फूलमाया राई तशी नव्हती. तिने जीप गॅरेजपुढे लावली, चाकामागे दगड ठेवला आणि म्हणाली, "दाजू, गाडी मागून ऑइल ओकतेय. का ते तुम्हीच बघा."

दसैं, म्हणजे आमचा दसरा, नुकताच संपला होता, आकाश धुतल्यासारखं निळं होतं, हातात गरम चहा होता. मी मजेत होतो. त्यात मला दाजू, म्हणजे थोरला भाऊ, म्हणणारी ही पोरगी मला आवडायची. तिचा नवरा हर्कबहादूर माघात छातीच्या दुखण्याने गेला, तेव्हा दिराने जीप भंगारात काढायचं ठरवलं होतं. हिने किल्ली पदरात बांधली आणि स्वतः स्टेअरिंगवर बसली. ड्रायव्हरांच्या संघटनेने नाक मुरडत तिला फेऱ्यांच्या रांगेत नंबर दिला, पण अट घातली: गाडी वाटेत बंद पडली की नंबर गेला. नंबर गेला की दिराच्या घरी बटाटे निवडत जन्म काढायचा. त्यापेक्षा दरी बरी, असं ती उघड म्हणायची.

मागच्या ॲक्सलच्या मधोमध लोखंडी भोपळा असतो, त्यात चाकांना फिरवणारे दाते ऑइलमध्ये बुडून फिरतात. मी खालचा बोल्ट काढला. परातीत ऑइल नव्हे, जणू दूधचहा पडला, वर फेसासकट.

"जास्त भरलंस?"

"नाही. भरायच्या भोकाच्या काठापर्यंतच. तुम्हीच शिकवलंत ना?"

"दुसरं कुठलं ऑइल मिसळलंस?"

"तुमच्याच डब्यातलं आहे. तुम्ही भेसळ करत असाल तर सांगा."

मी तवा तापवून त्यावर थेंब टाकला. चरचर आवाज झाला. म्हणजे ऑइलमध्ये पाणी.

"पाण्यात कुठे घातलीस गाडी?"

"त्या वाटेवर प्यायला पाणी नाही दाजू, घालू कशात?"

खरंच होतं. रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, ओढा एकही नाही, एक तळं आहे ते देवाचं. पण हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. चढ चढून ॲक्सल तापतो, तो तसाच गार पाण्यात घातला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. हर्कबहादूरला ही खोड होती. ओखरेपोखरीच्या त्या तळ्यापाशी बाकीचे वर रस्त्यावर थांबून हात जोडायचे, कारण त्या पाण्यात कुणी पायसुद्धा बुडवत नाही. हा पठ्ठ्या मात्र जीप मागे घेत पाण्यात घालून चाकं धुवायचा. मी शिव्या घातल्या की हसायचा. "पोखरी माझी सासू आहे दाजू. जावयाला काय बोलणार?"

मी ऑइल बदललं, दोन्ही बाजूंची सीलं नवी बसवली, भोपळ्यातली हवा आत-बाहेर करणारी नळी साफ केली. पुढच्याच फेरीनंतर परातीत पुन्हा दूधचहा.

मग मात्र मी तिच्याबरोबर गेलो. ती चालवते झकास, नवऱ्यापेक्षा बरी. ओखरेपोखरीला तिने जीप रस्त्यावरच लावली, दगड ठेवला, आणि आम्ही ल्हामूदिदीच्या टपरीत थुक्पा, म्हणजे शेवयांचं गरम सूप, प्यायला बसलो. बाहेर धुकं आलं आणि गेलं. इंजिनाचा आवाज आला नाही.

बाहेर आलो तर जीप जागच्या जागी होती. दगडही तसाच होता. पण तळ्याच्या काठापासून जीपच्या मागच्या चाकांपर्यंत टायरचे ओले पट्टे उमटले होते. तळ्यातून वर आलेले. तळ्याकडे जाणारे कुठेच नव्हते, कितीही शोधले तरी.

मी खाली वाकून भोपळ्याला हात लावला. एवढ्या चढानंतर तो चटका द्यायला हवा होता. बर्फासारखा गार होता.

ल्हामूदिदीने पट्टे पाहिले, आमचे वाडगे उचलले आणि दार लावून घेतलं.

फूलमाया चाकावरून बोट फिरवत होती. "बघा, किती स्वच्छ," ती म्हणाली. "मळकी गाडी त्याला कधी खपलीच नाही."

मला भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो. भुताखेतांचं काम माझ्याकडे नाही, गाड्यांचं आहे. मी हवेच्या नळीला लांब रबरी नळी जोडली, बॉडीच्या कडेने वर नेली आणि ताडपत्रीच्या छपराखाली, तिच्या डोक्याच्याही वर बांधली. "आता छप्पर बुडेपर्यंत पाणी आत जात नाही," मी म्हटलं.

तसंच झालं. फेरीमागून फेरी ऑइल मधासारखं निघू लागलं. टायर धुतलेले असायचे, मी तिकडे बघायचो नाही. संघटनेने तिचा नंबर कायम केला, दिराचं तोंड बंद झालं. माझी छाती फुगली होती, लपवू कशाला.

पौषात एका दुपारी ती सहज आली. मी गाणं गुणगुणत बोल्ट काढला.

दूधचहा.

सीलं तपासली. कोरडी होती. वर चढून नळीचं टोक सोडलं, तर त्यातून पाणी आलं. पाण्यामागून शेवाळाचा हिरवा दोरा.

"फूलमाया," मी खाली न बघताच विचारलं, "पोखरीला थांबली होतीस?"

"थांबले की."

"दिदीकडे बसलीस ना?"

"नाही. हल्ली गाडीतच बसते." तिचा आवाज तृप्त होता. "बरं वाटतं."

"पुढच्या वेळी खाली उतर. माझं ऐक."

"तुम्ही ऑइल तेवढं बदलत राहा, दाजू."

मी उतरलो. गावातले नळ थंडीने गोठून आठवडा झाला होता, कुणी आंघोळ केली नव्हती. ती गॅरेजच्या पायरीवर उन्हाकडे पाठ करून बसली होती. केस मोकळे सोडले होते, आणि हसत हसत ते पिळत होती.