तुटलेली रेघ

“रेघ तुटलीय! पुन्हा तुटलीय!”

अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधून नानांचा आवाज आला आणि ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या सविताचा हात जागच्या जागी थांबला. तव्यावरची पोळी करपली तरी तिला भान नव्हतं... आता सगळे धावत शेडकडे जाणार, एकमेकांच्या तोंडाकडे बघणार, आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून आपल्यावरच येऊन थांबणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं!

नाना म्हणजे तिचे सासरे, वाल्मीकनाना. अंबडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी उभा जन्म काढला आणि ऐन उमेदीत देवळालीच्या एका पारशी डॉक्टरांकडून जुनी काळी मॉरिस मायनर घेतली. विलायतेत जन्मलेली, गोल डोळ्यांची, गुबगुबीत गाडी! गल्लीतली पोरं तिला कासव म्हणत, आणि नाना त्या पोरांना काय म्हणत ते इथे न सांगितलेलं बरं. गाडीला गॅरेजचा वारा म्हणून लागू दिला नाही त्यांनी. इंजिन खोलणं, ब्रेक साफ करणं, चाकं उतरवणं-चढवणं, सगळं याच शेडमध्ये, स्वतःच्या हातांनी. आणि कारखान्यातली एक सवय त्यांनी घरीही सोडली नव्हती. नट आवळून झाला की नट आणि बोल्ट या दोन्हींवरून मिळून एक बारीक पांढरी रेघ ओढायची. नट जरा जरी हलला तरी रेघ मधोमध तुटते आणि लबाडी उघडी पडते. रंगाची इवलीशी बाटली कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायची.

आता तीच रेघ तुटत होती. एकदा नाही, वरचेवर!

“सूनबाई, इकडे या जरा,” नानांनी हाक मारली.

पदराला हात पुसत सविता बाहेर आली. तिचा नवरा मनोज गाडीजवळ उकिडवा बसला होता. सिडकोहून सकाळीच आलेली नणंद ज्योत्स्ना हाताची घडी घालून उभी होती. पुढच्या डाव्या चाकाचं झाकण काढलेलं होतं, आणि एका नटावरची पांढरी रेघ बोल्टावरच्या रेघेपासून फटकून बाजूला गेली होती.

“काल दुपारी मी हे चाक चढवलं,” नाना म्हणाले, “आणि आज हे असं! पाना लावून पाहिला, हलत नाही म्हणा. नशीब, चोराला पुरतं सैल करायला सवड मिळाली नाही. पण हात लागलाय. ही रेघ मी अशीच ठेवणार आहे. पुरावा आहे हा!”

“आणि तुमचा हरवलेला पाना, नाना?” ज्योत्स्नाने विचारलं. “तो सापडला का?”

नानांनी नकारार्थी मान हलवली. या गाडीला आपल्याकडचे मिलिमीटरचे पाने चालत नाहीत, तिला इंची पाने लागतात. दुसरा पाना लावला तर तो अर्धवट बसतो आणि नटाचे कोपरे खातो. त्या इंची पान्यांच्या संचातला चाकाचा पाना महिनाभर बेपत्ता होता, आणि नाना बापडे कुठल्याशा लांब दांड्याच्या पान्यावर कसंबसं भागवत होते.

“दुपारी नाना झोपतात तेव्हा घरात कोण असतं?” ज्योत्स्ना म्हणाली. “मनोज कंपनीत. पोरगी सृष्टी क्लासला. राहिलं कोण?”

“ताई, स्पष्ट बोला,” सविता हळूच म्हणाली.

“बोलतेच! घोटीला तुझ्या भावाचं गॅरेज आहे ना? काळूचं? मागच्या दिवाळीला हीच गाडी न्याहाळत तो काय म्हणाला होता? ‘अशा गाडीचा एक एक पार्ट सोन्यासारखा जातो!’ सगळ्यांनी ऐकलंय.”

तिने मनोजकडे पाहिलं. ‘असं काही नाही गं ताई,’ एवढेच शब्द त्याने बोलावेत म्हणून तिचा जीव कासावीस झाला! पण मनोज जमिनीकडे बघत राहिला. आणि ज्योत्स्ना तरातरा स्वयंपाकघरात गेली, डबे उघडल्याचे आवाज आले, आणि परत आली तेव्हा तिच्या हातात बाजरीच्या पिठाने माखलेला पाना होता!

“घ्या! बाजरीच्या डब्यात होता!”

नानांनी पाना हातात घेतला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि सविताकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिने सोसला असता... पण तिथे राग नव्हता, विश्वास मोडल्याची वेदना होती.

“सूनबाई, घरात काय कमी पडलं तुम्हाला?”

तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. पण तिने ओठ मिटून घेतले.

काय सांगणार होती ती? चैत्रातल्या एका दुपारी ती चहा घेऊन शेडपाशी गेली होती आणि दारातच थबकली होती. नाना चाकासमोर बसले होते. उजव्या हातात पाना होता, आणि तो हात वाऱ्यातल्या पानासारखा थरथरत होता. नाना डाव्या हाताने उजवा हात घट्ट धरत होते, नटावर जोर देऊ पाहत होते, आणि लहान लेकराची समजूत काढावी तसे स्वतःच्याच हाताला म्हणत होते, “अरे, दम धर ना... एवढं चाक होऊ दे... एवढंच!” त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सविता पाऊल न वाजवता मागे फिरली. घटकाभराने नाना आत आले ते हसतच. म्हणाले, झालं चाक गच्च! ते झोपल्यावर तिने जाऊन पाहिलं, तर डाव्या हाताने ओढलेली नटावरची रेघ सरळ होती, सुबक होती, आणि नट मात्र पाव फेरा सैल होता.

घोटीत वडिलांच्या सायकलच्या दुकानात तिचं बालपण गेलं होतं. नट घट्ट लागला की नाही हे तिच्या मनगटाला कळत होतं. तिने नट आवळला. आवळताना रेघ तुटली. रंगाची बाटली नानांच्या खिशात, म्हणजे रेघ सांधायची सोय नाही. आज ना उद्या संशय येणार, हे तिला त्याच दिवशी कळलं होतं. पण रेघ जपायची की माणूस? तेव्हापासून नाना जे जे खोलून बसवत, ते ते ती दुपारी गुपचूप आवळून ठेवत आली होती. नानांनी संशयाने हत्यारांच्या पेटीला कुलूप घातलं, तेव्हा तिने चाकाचा पाना आधीच डब्यात लपवला होता.

मनोजला का सांगितलं नाही? कारण मागल्या साली नाना स्कूटरवरून पडले तेव्हा मनोजने चावी काढून घेतली होती, प्रेमापोटीच! पण नाना पंधरवडाभर भिंतीकडे तोंड करून पडून होते, जेवणावरची वासनाच उडाली होती त्यांची. हात गेला हे कळलं असतं तर गाडी दुसऱ्याच दिवशी लग्नाच्या वरातींना भाड्याने देणाऱ्या कुणाच्या तरी दारात गेली असती. आणि गाडीमागून नानाही गेले असते!

“आजपासून शेडला कुलूप,” नाना म्हणाले. “उद्या मंगळवार. सृष्टीला वणीच्या देवीला नेणार म्हणून मी शब्द दिलाय. उजवं चाक बाकी आहे, ते आज मी एकटा करीन. कुणी फिरकायचं नाही इकडे!”

शेडचं दार आतून लागलं. सविता ओट्याशी परत आली खरी, पण तिचे कान त्या दाराशीच होते. उजवं चाक... ते आज कोण आवळणार? नांदुरीचा घाट, ती वळणं, एका बाजूला दरी, आणि गाडीत नाना आणि तिची पोटची पोर! सांगावं तर नाना मोडतील. न सांगावं तर... छे! तो विचार पुरा करायचंही तिला धैर्य होईना. दिवसभर ज्योत्स्नाची नजर तिच्या पाठीवर होती. ती पाणी भरायला उठली तरी नणंद मागोमाग उठत होती.

मंगळवारी सकाळी गाडी अंगणात आली. काळा रंग आरशासारखा लखलखत होता. सृष्टी नवा पंजाबी ड्रेस घालून पुढच्या सीटवर बसायची घाई करत होती. नाना इस्त्रीच्या सदऱ्यात, पण उजवा हात खिशात खुपसलेला. गाडीला हार घातला, बॉनेट उघडून इंजिनावर हळदकुंकू वाहायचं ठरलं. ते काम घरच्या सुनेचं, म्हणून रीतीपुरतं ताट सविताच्या हाती आलं.

“लक्ष ठेव रे,” ज्योत्स्ना मनोजला पुटपुटली. तेवढ्यात नाना नारळ विसरला म्हणून आत गेले, त्यांना सापडेना म्हणून ज्योत्स्ना गेली, आणि मनोजचा फोन वाजला.

थोडा वेळ गेला. नारळ फुटला. नानांनी स्टार्टर ओढला. इंजिन घरघरलं, पण पेटेना. पुन्हा ओढला... पुन्हा तेच! नाना खाली उतरले, बॉनेट उचललं, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं आणि थक्क होऊन मागे वळले.

“रोटर कुठाय? आतला रोटर कोणी काढला? त्याच्याशिवाय ठिणगी कशी पडणार?”

एकेक करून सगळ्या माना वळल्या. सविताने मूठ उघडली. बोटभर लांबीचा तो काळा तुकडा तिच्या तळहातावर होता, कुंकवाने लाल झालेला.

“मी काढला.”

“सविता!” मनोज ओरडला.

“ही गाडी आज जाणार नाही.”

“का पण? काय बिघडलंय तुझं या गाडीने?”

तिने नानांकडे पाहिलं. त्यांचा हात खिशातून बाहेर आला होता, थरथरत होता, आणि ते तो घाईघाईने पुन्हा लपवत होते. नाही, हे गुपित या अंगणात सगळ्यांसमोर उघडं पडू द्यायचं नाही. नावच जायचं आहे ना? जाऊ दे आपलं!

“ताई म्हणतात ते खरं आहे,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “काळूला हवे होते पार्ट. मीच... मीच हात लावत होते गाडीला.”

“बघितलंस!” ज्योत्स्ना म्हणाली. पण तिच्या आवाजातही जिंकल्याचा आनंद नव्हता.

मनोजने तिच्याकडे पाठ फिरवली. “बॅग भर,” तो म्हणाला. “घोटीला सोडून येतो तुला.”

“पप्पा!” सृष्टी रडू लागली. सविता तिच्या डोक्यावरून हात फिरवून आत निघून गेली.

नाना एकटेच गाडीजवळ राहिले. आणखी कुठे कुठे हात लागलाय ते बघावं म्हणून ते उजव्या चाकाशी बसले आणि झाकण काढलं. काल एकट्याने बसवलेलं चाक! सगळ्या रेघा शाबूत. त्यांनी समाधानाने एका नटावर बोट ठेवलं आणि नट फिरला!

नुसत्या बोटांनी फिरला. पाना नाही, जोर नाही. त्या थरथरत्या बोटांनी!

नानांनी दुसरा नट धरला. तोही फिरला. ते धडपडत डाव्या चाकाशी गेले. तिथला पुरावा तसाच होता, तुटलेली रेघ. नटाला दोन्ही हातांनी झोंबले. तसूभर हलेना. आणि मग कालपासून संतापात जे दिसलं नव्हतं, ते जन्मभराच्या फिटरला दिसलं. नटावरची रेघ सरकली होती ती उजवीकडे. नट सैल करणारा माणूस डावीकडे फिरवतो. उजवीकडे फिरवतो तो आवळणारा!

जिथे रेघ अखंड, तिथे नट सैल. जिथे रेघ तुटलेली, तिथे नट घट्ट... नाना तिथेच जमिनीवर बसले आणि लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले.

“सविता!” त्यांनी हाक मारली. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तिला नावाने कधी हाक मारली नव्हती. “अगं सविता, बाहेर ये!”

ती बॅग घेऊनच बाहेर आली. मागोमाग मनोज, ज्योत्स्ना.

“चोर म्हणून जायला निघालीस?” नाना म्हणाले. “माझा हात लपवण्यासाठी? अगं, या हाताचं मला माहीत नव्हतं का? मीच तुम्हा सगळ्यांपासून लपवत होतो... आणि तू माझ्यापासून!”

“नाना, नका हो...”

“मनोज, इकडे ये. हा नट फिरव. बोटांनी फिरव. हा असा मी बसवलाय. या चाकावर तुझ्या पोरीला घाटात नेणार होतो मी! आणि तो तिकडचा नट बघ. तो तुझ्या बायकोने बसवलाय.”

मनोजने नट फिरवला. मग उठून त्याने सविताच्या हातातली बॅग काढून घेतली. “सवू... मी एक शब्द बोललो नाही गं काल...” एवढंच त्याला बोलता आलं. ज्योत्स्ना पदर तोंडाला लावून पायरीवर बसली होती. सविता तिच्याजवळ गेली तेव्हा तिने सविताचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

नानांनी पाना सविताच्या पुढे केला. “आवळ. माझ्यादेखत आवळ.”

सविता चाकाशी बसली. एकेक नट तिने दम लावून आवळला. नाना बाजूला बसून बघत होते, आणि आता त्यांचा उजवा हात खिशात नव्हता, उघड्यावर मांडीवर थरथरत होता. शेवटचा नट झाला तसं त्यांनी खिशातली बाटली काढून तिच्या हातात दिली.

“रेघ पण तूच मार.”

तिने कुंचला टेकवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात कापत होता, आणि रेघ वेडीवाकडी आली.

“वाकडी आली हो नाना...”

“असू दे,” नाना म्हणाले. “नट घट्ट आहे ना?”

सृष्टी डोळे पुसत पुढे आली. “आजोबा, मग वणीला जायचं का आपण?”

नाना ड्रायव्हरच्या दारापाशी उभे होते. त्यांनी ते दार उघडलं, क्षणभर स्टीअरिंगकडे पाहिलं, आणि मग किल्ली मनोजच्या हातात ठेवून स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले.

“मला काय विचारतेस?” ते म्हणाले. “तुझ्या आईला विचार.”