पुरातून आलेली पांढरी गाडी

पांढऱ्या व्हॅनखालून दोन पाय बाहेर आले होते... धुळकट चपलांतले, अगदी निवांत. शिवगंगा दचकून थांबली. ही गाडी तर तिची होती! म्हणजे, तिच्या संस्थेची होणार होती. त्यासाठीच तर ती आणि भिवराबाई आदल्या दिवशी नांदूरघाटहून निघून हैदराबादला आल्या होत्या.

"आयला, ही तर लई गंजलीय की!" गाडीखालून आवाज आला.

घरापासून चारशे किलोमीटरवर, जुन्या गाड्यांच्या त्या आवारात, आपल्याकडची बोली! शिवगंगाला क्षणभर बरं वाटलं. मग ती भानावर आली.

"ओ, कोण हाय खाली? ही गाडी आमची हाय."

पाय हलले. एक तरुण पाठीवर सरकत बाहेर आला. गालावर काळं ग्रीस. उठायचं विसरून तो तिच्याकडे बघतच राहिला.

"तुमची? मी बी आगाऊ पैसे भरलेत हिचे. फोटो बघून."

"फोटो तर मी बी बघितलेत!"

दोघांनी मोबाइल काढले. तेच फोटो, तोच नंबर. 'गाडी खास तुमच्यासाठीच ठेवली आहे' हा निरोपही तोच.

त्याचं नाव मन्मथ. आष्टी तालुक्यातल्या कडा गावचा. साखर कारखान्याच्या वर्कशॉपात तो मेकॅनिक होता. पण यंदा ऊसच नव्हता, गाळप बंद, हाताला काम नाही. गाडी घेऊन नगर रोडला प्रवासी वाहतूक करावी, असा त्याचा बेत.

शिवगंगा नांदूरघाटच्या महिला दूध संस्थेची सचिव. दोन हजार सोळा सालचा एप्रिल होता, सलग दुसऱ्या दुष्काळाचा. जनावरं चाऱ्याच्या छावणीत, आणि दूध इतकं आटलेलं की केजच्या शीतकरण केंद्रापर्यंत ते नेणारा टेम्पोवाला 'परवडत न्हाई' म्हणून यायचाच थांबला. चाळीस बायकांचं दूध कॅनमध्ये नासू लागलं. 'आपणच गाडी घेऊ' असं सभेत उठून शिवगंगाच बोलली होती, ही गाडी शोधलीही तिनेच. संस्थेच्या अध्यक्षा भिवराबाई तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. आता रिकाम्या हाताने परत जायचं म्हणजे...

तिने दार उघडलं. आतून ओल्या मातीचा मंद वास आला. तिचे डोळे आपोआप मिटले. दोन वर्षांत असा वास नाकाला शिवला नव्हता.

"किती छान वास येतोय..."

"तोच तर घोळ हाय," मन्मथ हळूच म्हणाला. "नंबर बघा, मद्रासकडचा. डिसेंबरात तिकडं पूर आलता. ही गाडी पाण्यात बुडलेली हाय."

"बुडलेली?" भिवराबाईंनी गाडीवरून हात फिरवला. "अन् इतकी चकचकीत?"

शिवगंगाचा पारा चढला. "कळतंय मला सगळं. गाडीला नावं ठेवायची, आमी मागं फिरलो की सोत्ता स्वस्तात घ्यायची. व्हय ना?"

मन्मथ रागावला नाही. तो दोन पावलं मागे सरला.

"माझं नका ऐकू. तो सीटबेल्ट ओढून बघा. रोज ओढतेत तेवढा न्हाई... पार शेवटापोतर."

तिने ओढला. एक हात, दोन हात. पट्टा स्वच्छ होता, साबणाचा वास येणारा. आणि मग शेवटचा वीतभर तुकडा बाहेर आला, तपकिरी गाळाने माखलेला. बारीक माती तिच्या बोटांना लागली. ती बोटांकडे बघत राहिली.

"धुणारानं बाकी सगळं धुतलं," मन्मथ म्हणाला. "आज ही चालंल. महिन्याभरानं वायरिंग जाईल, मग इंजन. अन् तुमी दूध घेऊन भर उन्हात रस्त्यात..."

शिवगंगाने बोटांवरची माती पुसली.

"माफ करा," ती खाली बघत म्हणाली. "मी उगं भांडले."

"तुमच्या जागी मी असतो तर मी बी भांडलो असतो. इतकं छान जमलं नसतं... पण भांडलो असतो."

आगाऊ पैसे मात्र त्या आवाराचा डीलर परत देईना. मग भिवराबाई पुढे झाल्या. आवाराच्या फाटकातच त्यांनी बैठक मारली, भाकरीचं फडकं सोडलं, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हाक मारू लागल्या, "आवो साहेब, आधी पट्टा वढून बघा!"

"अम्मा, यहाँ नक्को बैठो!" डीलर हात जोडत पळत आला.

"आमच्याकडं दुष्काळ हाय बाबा. टँकरची वाट बघत दिसदिस बसतोत आमी. आज इथं बसू."

दुपारपर्यंत तीन गिऱ्हाइकं पट्टे ओढून निघून गेली. चौथं फाटकाशी आलं तेव्हा डीलरने दोघांचेही पैसे निमूट हातावर ठेवले.

परतीच्या बसमध्ये भिवराबाई खिडकीशी बसल्या आणि लगेच घोरू लागल्या. मधल्या वाटेपलीकडे मन्मथ बसला होता.

"तुमच्या गालावर ग्रीस हाय," शिवगंगा म्हणाली. "सकाळपासून."

"मग सकाळीच सांगायचं की."

"सकाळी भांडत होते ना. अन्... बरं दिसत होतं."

पुसायला उचललेला हात त्याने तसाच खाली घेतला. "मग राहू द्या."

तिने तोंड फिरवलं. पण काचेत तिचं हसू त्याला दिसलंच.

लातूर जवळ आलं तसं तो म्हणाला, "चकलांब्याला सुंदरराव गुरुजी म्हणून हाईत. त्यांची व्हॅन इकायचीय. जुनी हाय, पण आपल्याच जिल्ह्यातली. कुठं ठोकली, कुठं बंद पडली, ते सगळं गाव सांगंल. त्यांनी फोटो टाकले न्हवते, म्हणून मी हैदराबाद गाठलं... येडा."

"मी बी येडीच," शिवगंगा म्हणाली. आणि दिवसभरात पहिल्यांदा ती मोकळं हसली.

चार दिवसांनी तिघं चकलांब्यात होती. शिवगंगाने गाडीतले सगळे पट्टे शेवटापर्यंत ओढले, पायाखालचं मॅटिंग उचकटलं, ओणवी होऊन खालून पत्रा बघितला.

"पोरी, इतकी तपासणी माझ्या वर्गाची बी कुण्या साहेबानं केली न्हाई," गुरुजी म्हणाले.

मन्मथने गाडी गेवराई रस्त्यावर पळवून आणली. इंजिन सुरूच ठेवून, कान देऊन ऐकलं. मग उतरून त्याने हात पुसले. "चांगली हाय. संस्थेनं घ्यावी."

"अन् तुमी?" शिवगंगाने विचारलं. "तुमाला बी पाहिजे होती ना?"

"संस्थेला ड्रायव्हर लागंल का न्हाई?"

भिवराबाईंनी डोळे बारीक केले. "कडा ते नांदूरघाट किती लांब हाय, ठाऊक हाय का लेकरा?"

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "मोजलंय."

त्याने नांदूरघाटात एक खोली भाड्याने घेतली. रोज सकाळी सहाला गाडी संस्थेच्या दारात यायची. मागे कॅन, पुढे मन्मथ, आणि शेजारच्या सीटवर दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या मांडीवर सांभाळत शिवगंगा. दूध थोडं होतं, पण नासत नव्हतं. भिवराबाई सभेत ऐटीत बसू लागल्या.

"आरसा नीट करा," शिवगंगा एकदा म्हणाली. "त्यात मागची गाडी दिसायला पाहिजे. मी न्हाई."

"मागं गाडीच न्हाई."

"आली तर?"

"आली तर बघू... तवर हे बरं हाय."

असे महिने गेले. पाऊस पडला, छावण्या उठल्या, दूध वाढलं, दसरा जवळ आला. आणि एका सकाळी गाडी चालवता चालवता मन्मथ म्हणाला, "कोल्हापूरकडच्या एका कारखान्यातून फोन आलता. कायम नोकरी. सोमवारपोतर कळवायचंय."

तिच्या मांडीवरच्या बाटल्या किणकिणल्या. "पगार?"

"चांगला हाय."

"राहायला जागा?"

"देतेत."

"मग... जावा."

"बरं," तो म्हणाला.

तिने पदराशी खेळावं तशी ओढणी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"थांबवा गाडी."

त्याने लिंबाखाली गाडी घेतली. "काय झालं? आवाज येतोय का कुठून?"

"मी खोटं बोलले. ते 'जावा' म्हणाले ना... ते." तिने बोटावरची ओढणी सोडली. "तुमी गेलेलं नको हाय मला. आता कावून, ते विचारू नका."

"विचारतोच," त्याचा आवाज एकदम हलका झाला होता. "कावून?"

ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "सहा वाजायची वाट मी चारपासून बघत असते."

मन्मथ स्टिअरिंगवर डोकं टेकवून हसला. मान वर केली तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

"मी साडेतीनपासून," तो म्हणाला. मग एका हाताने गिअर टाकत, "चला... दूध नासंल."

कोल्हापूरला त्याने त्याच दुपारी नाही म्हणून कळवलं.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून मन्मथ ईश्वरप्पांच्या किराणा दुकानासमोर उभा राहिला. ईश्वरप्पा शिवगंगाचे वडील. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं.

"काय देऊ?" त्यांनी विचारलं.

रस्त्याने घोकलेली सगळी वाक्यं पळून गेली. "साखर..." मन्मथ म्हणाला. "एक किलो."

ईश्वरप्पांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "कारखान्यातल्या माणसाला साखर इकत घ्यावी लागती व्हय?"

आतून कुणीतरी हसू दाबलं. ते दाबता न आल्याने शिवगंगा बाहेरच आली. कान लाल, पण मान ताठ.

"अप्पा, ते साखर न्यायला न्हाईत आले."

"मग?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं कान टवकारून उभी होती. शिवगंगाने त्यांच्याकडे बघितलं, मन्मथकडे बघितलं.

"मला मागायला आलेत. अन् मी व्हय म्हणलेय."

तराजूत काढलेली साखर ईश्वरप्पांनी परत पोत्यात ओतली, हात झटकले. मग घराच्या दिशेने हाक दिली, "अगं ऐकलं का, चहा टाक!" आणि गल्ल्याशेजारची फळी वर उचलून त्यांनी मन्मथला वाट करून दिली.

"आत या. गिऱ्हाइकासारखं बाहेर कावून उभे?"